रोखाबाईंचं हरीण

गावातल्या निम्म्या माणसांना रोखाबाईंनी आतून पाहिलेलं आहे. उरलेल्या निम्म्यांची त्यांना घाई नाही. येतील.

दवाखान्याच्या तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला, एक्स-रेची खोली आहे. तिला खिडकी नाही. दाराच्या आत शिशाचा पत्रा असल्यामुळे ते दार ढकलायला दोन्ही हात लागतात, आणि फ्रॅक्चर होऊन येणाऱ्या माणसाकडे ते बहुधा नसतात. म्हणून बाई दार स्वतः उघडतात, माणसाला फळीसमोर उभं करतात, खांदे धरून हवे तसे वळवतात, आणि आडोशामागे जाऊन तीन शब्द उच्चारतात : "श्वास घ्या. रोखा. सोडा." या मधल्या शब्दावरून त्यांचं नाव पडलं. खरं नाव पगाराच्या कागदावर असावं. हेडमास्तर, फौजदार, नगराध्यक्ष, ज्यांच्यासमोर गाव श्वास रोखून उभं राहतं, ते सगळे केव्हा ना केव्हा रोखाबाईंसमोर उघड्या अंगाने श्वास रोखून उभे राहिलेले आहेत. अशा बाईचा आवाज चारचौघांत खाली कशाला येईल? आपण चुकू शकतो, ही गोष्ट त्यांना माहीत होती, पण ऐकून.

फोटोंचा नाद लागला तो मुलीमुळे. तिने नवा कॅमेरा घेतला आणि जुना आईकडे टाकला. चालू स्थितीतलं यंत्र नुसतं पडून राहिलेलं बाईंना बघवत नाही. रविवारी संध्याकाळी त्या तो गळ्यात अडकवून पाणीपुरवठ्याच्या तलावाकडे गेल्या. तलावापलीकडच्या उतारावर, दिवस कलला की, झाडीतून हरणं चरायला उतरतात. तिथे आणखी दोन-चार हौशी माणसं असतात. ती सूर्याकडे पाठ करून उभी राहतात, कारण कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत तसं सांगितलेलं असतं. बाई पुस्तिका वाचत नाहीत. त्या सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये एक मादी येऊन थांबली. तिच्या अंगाभोवती केसाकेसाची सोनेरी कड उमटली, आणि कान आरपार लाल दिसायला लागला, आतल्या शिरांसकट.

"हे मला येतं," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "उजेड पलीकडे, पेशंट मध्ये, आपण अलीकडे. आयुष्यभर दुसरं काय केलं?"

नवरा म्हणजे कंडक्टर. शहर बसमधून निवृत्त झाला, तरी गावात त्याला अजून कंडक्टरच म्हणतात, आणि रिकाम्या खोलीत शिरतानाही तो "पुढे सरका" म्हणतो असा बाईंचा आरोप आहे. तलावावर त्याचं काम घडीचं स्टूल, चहाचा थर्मास आणि दुर्बीण सांभाळणं. हे काम त्याला आवडायचं. बसमध्ये बसायला मिळत नसे.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग दवाखान्याला रंग लागला.

एक्स-रेच्या दारासमोर एक लांब बाक आहे, आणि बाकासमोर भिंत. त्या भिंतीवर वर्षानुवर्षं मूत्रपिंडातल्या खड्यांचा रंगीत तक्ता होता. माणसं नुसता हात मोडून यायची आणि तो बघता बघता कंबर दाबायला लागायची. रंगाच्या निमित्ताने तक्ता उतरला, आणि मोठ्या डॉक्टरांनी त्या जागी लावायला एक धबधबा आणला. चांगला हातभर रुंद, निळा, फेसाळता. मोठे डॉक्टर भला माणूस. पेशंटला शांत वाटावं, एवढाच त्यांचा हेतू.

"सर, या बाकावर सोनोग्राफीचेही पेशंट बसतात," बाई म्हणाल्या.

"बसू देत की."

"पोटभर पाणी पिऊन बसतात. नंबर येईपर्यंत बाथरूमला जायचं नाही, असं आपणच सांगतो. त्यांच्यासमोर धबधबा?"

सिस्टरांनी तोंडाला रुमाल लावला. शिडीवरचा रंगारी मात्र मोकळेपणी हसला. त्याच्यावर दवाखान्याची शिस्त चालत नव्हती.

"मग काय लावू? तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले.

"मी देते."

"तुम्ही? बाई, तुमचे फोटो म्हणजे…"

"हरणाचा देते. श्वास सोडतानाचा. थंडीत दिसतो ना नाकातून, तसा. मागून ऊन असलं की ढगासारखा पेटतो. माणसं आत येण्याआधी तो बघत बसतील."

इथे सांगायला हवं की असा फोटो बाईंकडे नव्हता. पण आपण काढू, याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि ज्याची शंका नाही ते झालंच असं समजून बोलायची त्यांना सवय होती.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी विश्वस्त बघायला येणार. सोमवारी सकाळी हरीण आलं तर हरीण. नाही तर धबधबा. भिंत रिकामी नको."

त्या संध्याकाळी वाळलेले कपडे घड्या करता करता बाई कंडक्टरला म्हणाल्या, "एवढी चित्रं काढली मी. सगळी पाकिटात गेली. कुणी एक तरी भिंतीवर लावलं?"

"आपल्या बरगड्या हॉलमध्ये कोण लावणार?"

"तेच म्हणते." त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. "एक लागलं पाहिजे."

आणि त्या पुढचा अभ्रा घेऊन बसल्या. पण कंडक्टरने तीस वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून कोण कुठे उतरणार ते ओळखलेलं होतं. त्याने थर्मास घासून पालथा घातला. आता रोज जावं लागणार.

जागा बाईंनी पहिल्याच दिवशी हेरली, आणि ती जागा अगदी बरोबर होती हे मान्य करायला हवं. पंपघर आणि टेकडी यांच्यामध्ये एक खाच आहे. मावळतीचं ऊन त्या खाचेतून तिरपं येतं आणि उतारावरच्या हरणांना पाठीमागून लागतं; त्यांच्या मागची झाडी मात्र टेकडीच्या सावलीत काळीभोर असते. काळ्यावरच वाफ दिसते. उजळ आभाळावर ती काढायला जाणं म्हणजे दुधात साखर शोधणं. भिंगावर थेट ऊन येऊन चित्र धुरकट होऊ नये म्हणून बाईंनी फिल्मच्या जुन्या खोक्याचा काळा पुठ्ठा कापून नळकांडं केलं आणि रबराने कॅमेऱ्याला बसवलं. वारा हरणांकडून आपल्याकडे येईल, अशा बाजूला एक जाड झाड होतं. त्याच्या आडोशाला दोघं उभे राहिले.

पहिल्या संध्याकाळच्या सगळ्या फोटोंत हरणांची डोकी कापलेली होती.

दुसऱ्या संध्याकाळी कंडक्टर हरणांऐवजी बायकोकडे बघत राहिला. घरी येताना त्याने विचारलं, "अगं, बटण दाबताना तू पळतेस कुठे?"

"कोण पळतंय? मी जागची हलले नाही."

"झाडामागे जातेस. दरवेळी. दाबायचं आणि आत."

शिशाच्या आडोशामागे जाऊनच बटण दाबायचं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं होतं, की जणू हरणातूनही किरण निघत असावेत. तिसऱ्या दिवशी कंडक्टरने त्यांच्या अगदी पाठीला लागून स्टूल मांडलं आणि त्यावर बसला. मागे जायला वाव राहिला नाही. हरणांना डोकी आली.

आणि काय डोकी! कानांच्या लाल पाकळ्या, पापण्यांचे केस, ओठांवरचं एक एक रोम उजेडात सुटं दिसत होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेऱ्याच्या पडद्यात नाक खुपसून बाई एकामागून एक बघत गेल्या. सगळं होतं. वाफ नव्हती. एकाही फोटोत नाही.

"ही हरणं श्वासच घेत नाहीत," बाईंनी निदान केलं.

"मग इतकी मोठी झाली कशी?"

"तुम्हाला दिसते का वाफ?"

"धडधडीत दिसते. दुर्बिणीतून तर इंजिनासारखी."

मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, बटण दाबून धर ना. एका दमात दहा निघतात. एकात तरी येईल."

"एका पेशंटचे दहा काढतात का? एकदा नीट उभं करायचं आणि एकदाच दाबायचं."

"आई, ते हरीण आहे. त्याला किरण लागत नाहीत."

बाईंनी तेही करून बघितलं. जुना कॅमेरा, खटका वाजायचा कडाकड. दुसऱ्या खटक्याला हरणं उतारावर नव्हती, आणि पहिला खटका नेहमीसारखाच कोरडा गेलेला होता. त्या संध्याकाळी पुन्हा एकही हरीण खाली आलं नाही. बाकीच्या हौशी मंडळींनी बाईंकडे ज्या नजरेने बघितलं, ती दवाखान्यात त्यांच्याकडे कुणी टाकली नसती.

शनिवारी रात्र पडेपर्यंत मामला गंभीर झाला होता. एकच संध्याकाळ उरलेली. सिस्टर रोज "बाई, हरीण आलं का?" विचारत होत्या, आणि बाई रोज "येतंय" म्हणत होत्या. धबधबा डॉक्टरांच्या दारामागे भिंतीला टेकून वाट बघत होता.

कोडं सोडवलं कंडक्टरने, आणि तेही चष्मा पुसता पुसता. पुन्हा सगळे फोटो बघत असताना तो म्हणाला, "या सगळ्यांचं पोट बघ."

"काय झालं पोटाला?"

"फुगलंय. सगळ्यांचं. एकजात."

बाईंनी पडदा जवळ ओढला. बघितलं. पुढचा बघितला. त्याच्या पुढचा.

"तू श्वास रोखल्यावर दाबतेस," कंडक्टर म्हणाला. "अगं, तू हरणांचे एक्स-रे काढतेस."

छाती भरली, हलणारं सगळं थांबलं, की बोट खाली. हजारो माणसांवर गिरवलेला धडा. दोन श्वासांच्या मधली ती फट शोधण्यात बाईंच्या बोटाइतकं तयार बोट पंचक्रोशीत नव्हतं. आणि त्याच फटीत, बरोबर त्याच फटीत, वाफ नसते.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "उभे राहा दारात."

मागचं दार उघडलं. थंडी आत आली. कंडक्टर उंबऱ्यात उभा राहिला, त्याच्यामागे अंगणातला दिवा लावला. त्याने श्वास घ्यायचा, सोडायचा. सोडताना बाईंनी दाबायचं. हुकूम बाईंचाच.

"घ्या. सोडा."

खट्. वाफ नाही.

"घ्या… सोडा."

खट्. पुन्हा नाही. तोंडाने सोडा म्हणायच्या आत बोटाने रोखा म्हणून घेतलेलं असायचं. मग बाईंनी मुद्दाम उशीर केला, तर इतका झाला की कंडक्टरचा पुढचा श्वास भरून झालेला. नवऱ्याचं डोकं गरगरायला लागलं आणि तो दाराची चौकट धरून खाली बसला.

"पुरे गं. हरणं तरी मोकळ्या हवेत असतात."

बाईंनी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात चुकून आपल्याकडे आलाय, आणि तो परत कुणाला करायचा ते कळत नाही, असं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कंडक्टरने त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं. त्याने चहा टाकला. मग म्हणाला, "दाबशील तू. कधी ते मी सांगतो."

"तुम्ही सांगणार मला?"

"ड्रायव्हरला मीच सांगायचो. गाडी तोच चालवायचा. त्याला कधी कमीपणा वाटला नाही."

"तुम्ही ओरडलात तर हरणं पळतील."

"ओरडतं कोण? खांद्यावर. एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड गाडी. तू फक्त चौकट सांभाळायची. पोटाकडे बघायचं नाही. पोट माझं."

बाईंनी चहा संपवला. हो म्हणाल्या नाहीत. पण नाही म्हणायला त्यांना आजवर कधी एवढा वेळ लागला नव्हता.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि थंडी नाकाला झोंबत होती. दोघं लवकर जाऊन उभे राहिले. ऊन खाचेत उतरलं, उतारावर एक सोनेरी पट्टा पडला, आणि झाडीतून चार हरणं बाहेर आली. त्यातली एक मादी पट्ट्यात शिरली. बाईंनी डोळा लावला. मागे कंडक्टरचा हात खांद्यावर आला.

मादीच्या नाकातून वाफ निघाली. टक टक. बाईंनी दाबलं.

पडद्यावर वाफेच्या जागी एक विरलेला मळकट डाग होता. भांडं पुसल्यावर राहतो तसा.

"उशीर," बाई पुटपुटल्या.

"माझा," कंडक्टर कानाशी म्हणाला. "चुकलोच. दिसल्यावर वाजवली. शेवटच्या माणसाचा पाय रस्त्यावरून उचलला की घंटा द्यायची असते. पायरीवर पडल्यावर नव्हे. ड्रायव्हर गिअर टाकेपर्यंत माणूस आत येतो."

"आणि नाही आला तर?"

"माझ्या गाडीतून कुणी पडलेलं नाही."

एरवी या वाक्यावर बाईंनी दोन-तीन नावं सांगितली असती. आता त्यांनी पुन्हा डोळा लावला. खाचेतलं ऊन आक्रसत होतं. सोनेरी पट्टा मादीच्या पायांवरून सुटून पाठीवर चढला. आणखी थोड्या वेळाने तो उतारावर नसणार होता. मादी खाली मान घालून निवांत चरत होती. सोमवारशी तिचा काही संबंध नव्हता.

मग दूर पंपघराचं दार वाजलं. मादीने झटकन मान वर केली, कान ताठ केले, आणि आवाजाकडे तोंड फिरवून छाती भरायला लागली. बाईंना ती छाती डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती. भरली की दाबू, असं बोट म्हणालं. खांद्यावर एक टिचकी बसली : थांब. बाई थांबल्या. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या शब्दावर थांबल्या, आणि तोही शब्द नव्हता. लगेच दोन टिचक्या. मादीचं पोट अजून पुरतं भरलेलंही नव्हतं. सगळं शहाणपण सांगत होतं की हे चूक आहे, लवकर आहे, पेशंट हलतोय.

बाईंनी दाबलं.

मादी उडी मारून झाडीत गेली, मागोमाग बाकीची. पट्टा विझला. उतार नुसता उतार राहिला.

"हलली असेल तर पुन्हा घेऊ," बाई सवयीने म्हणाल्या, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की इथे पुन्हा घ्यायची सोय नाही. त्यांनी कॅमेरा कंडक्टरच्या हातात दिला. "तुम्ही बघा."

कंडक्टरने चष्मा कपाळावर चढवला, पडदा लांब धरला, जवळ आणला. मग पुन्हा लांब धरला.

"अहो, सांगा काहीतरी. आलं का?"

"माणूस आत आला," कंडक्टर म्हणाला.

काळ्या झाडीवर सोन्याच्या तारेने काढलेली एक मान, एक कान, आणि त्यापुढे पेटलेला, गोल, भरगच्च ढग. तोंड वळलेलं होतं, त्यामुळे चेहरा जवळजवळ नव्हताच. श्वास तेवढा होता, एखाद्याने आत्ताच हाक मारून थांबावं तसा.

फोटोवाला दुकान आवरत होता. त्याने चित्र त्याच्या पडद्यावर मोठं केलं आणि म्हणाला, "तोंड काळं आलंय हो. उजळवून देतो थोडं. नाकडोळे दिसतील."

"बोट लावलंत तर बघा," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जागेवर आलेला होता. फोटोवाल्याच्या छातीचा त्यांनी दोनदा एक्स-रे काढलेला होता. त्याने बोट लावलं नाही.

"खाली माझं नाव घाल," बाहेर आल्यावर कंडक्टर म्हणाला. "घंटा : अमुक तमुक."

"ड्रायव्हरचं नाव असतं का बसवर?"

"नसतं."

"मग कंडक्टरचं कुठून येणार? चला."

सोमवारी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी फ्रेम दोन्ही हातांत घेतली आणि खिडकीशी जाऊन उजेडासमोर उंच धरली.

"सर," बाई म्हणाल्या, "कागद आहे. आरपार दिसणार नाही."

डॉक्टरांनी फ्रेम खाली घेतली. स्वतःशीच हसले. "सवय." मग नीट बघितलं. "चेहरा नाही याला."

"नाही."

"ही वाफ ना? खरीच? मागाहून घातलेली नाही?"

"मी कधी कुणाच्या छातीत काही मागाहून घातलंय का?"

डॉक्टरांनी आणखी थोडा वेळ बघितलं. नकळत त्यांनी स्वतःच एक लांब श्वास सोडला, आणि सुताराला हाक मारली. धबधबा त्यांच्या खोलीत गेला. तिथे तो शोभतो, असं सिस्टरांचं मत पडलं.

सुताराने खिळा धरला तो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. विश्वस्त उभ्याने बघणार, हे त्याला ठाऊक होतं.

"खाली घ्या," बाई म्हणाल्या.

"बाई, बरोबर आहे. सगळीकडे इथेच लावतो."

"बघणार कोण? बसलेली माणसं. खाली."

"किती खाली?"

आता हे बाईंनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या बाकासमोरून गेल्या, बाकावरच्या माणसाचं नाव पुकारलं, त्याला उठवलं, आत नेलं. त्या बाकावर त्या कधी बसल्या नव्हत्या. त्या गेल्या आणि दोन पेशंटांच्या मधल्या जागेत बसल्या. बाक अपेक्षेपेक्षा बुटका होता आणि पाठीला मधली फळी टोचत होती. "आणखी खाली," त्या म्हणाल्या. "आणखी. हां. मारा."

सुताराने खिळा मारला, फ्रेम अडकवली, सरळ केली आणि हत्यारं गोळा करून गेला. बाई उठल्या नाहीत. समोर सोनेरी मान होती, आणि ढग बरोबर डोळ्यांसमोर.

शेजारच्या म्हातारीने मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. ती कधीची चित्राकडे बघत होती. मग तिने बाईंना कोपराने ढोसलं.

"कितवा नंबर तुमचा?"

"माझा?" बाई म्हणाल्या. "झाला माझा."

"मग बसलात कशाला? मला सरकू द्या की मधे. इथून नीट दिसत नाही."

बाई सरकल्या.